शॉमबर्गच्या बेसमेंटमधली मंडळी

रविवारची प्रार्थना तासाभरात संपायची, पण जेवणावरून उठायला संध्याकाळ व्हायची. किस्से साठतात ते असे, ताटावर हात वाळत असताना!

२००२ चा सुमार. आम्ही चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबं शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरात अनिता साळवेच्या बेसमेंटमध्ये जमायचो. अनिता पहिल्या ख्रिस्ती लोकांवर पीएचडी करत होती. तिचे आईवडील, रेचलकाकू आणि बेंजामिनकाका, नगरहून तिच्याकडे राहायला आले होते.

*

एकदा अनिता म्हणाली, "येशूनंतर सुरुवातीची कित्येक वर्षं फारसं काही लिहिलेलंच नव्हतं. लोक कुणाच्या तरी घरी जमायचे, जेवायचे, येशूच्या गोष्टी सांगायचे. सांगता सांगता त्यांचे 'आपण' झाले."

काका भात कालवत म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच. फक्त त्यांना पार्किंग शोधावं लागत नव्हतं!"

*

एअरपोर्टवर लोणच्याच्या बरणीपायी काकांची बॅग उघडायला लावली, तो किस्सा दर रविवारी निघायचा. काका सांगायचे तेव्हा ऑफिसर दरडावायचा, आमच्यातला सुधीर गायकवाड सांगायचा तेव्हा तोच ऑफिसर लोणचं चाखायचा!

मी वैतागून विचारलं, "यातलं खरं कोणतं?"

अनिता हसली. "येशूच्या गोष्टींबद्दल माझे प्रोफेसरही हेच विचारतात. तो पुन्हा जिवंत झाला तेव्हा त्याची रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, पण पुरुषांना ते पटेचना."

काकू ताडकन म्हणाल्या, "मला तरी कुणी विचारलं? बॅग मी भरली होती!"

*

मग सुधीरचा जॉब गेला. वर व्हिसाचं टेन्शन. तो यायचा बंद झाला, फोनही उचलेना. शेवटी आम्हीच जेवण घेऊन त्याच्या अपार्टमेंटवर धडकलो.

दारातच तो पुटपुटला, "काय तोंड दाखवू यार?"

काकूंनी मटणाचं पातेलं पुढे केलं. "तोंड राहू दे. आधी हे धर, चटका बसतोय!"

सुधीर खो खो हसला. पुढे वेळेत दुसरा जॉब मिळाला, तेव्हा आमच्याही जिवात जीव आला.

*

काकांच्या बायपासच्या दिवशी आम्ही सगळे सकाळपासून वेटिंग रूममध्ये बसून होतो. दुपारी सर्जन बाहेर आले. "ही इज डुइंग फाइन." अनिताला रडूच फुटलं.

सगळे आत निघालो, तर नर्स आडवी आली. "ओन्ली फॅमिली. हू इज फॅमिली?"

सगळ्यांचे हात वर!

तिने एकेकाच्या व्हिजिटर बॅजवरचं आडनाव वाचलं. साळवे, गायकवाड, शिंदे, ओहोळ. मग काकूंकडे वळली. "हाऊ आर यू ऑल रिलेटेड?"

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि आपल्या इंग्लिशमध्ये ठणकावून सांगितलं, "मॅडम, सेम स्टोरी!"