पहिलं नाव

शाहूपुरीत अण्णाप्पांची गुळाची अडत. मे महिन्यात तिथं माशा मारण्यापलीकडं काम नसे, म्हणून अण्णाप्पा पोराला दहा दिवस मोकळा सोडत. रुद्रेश मग पिशवी खांद्याला अडकवून जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत जाई, मुलांच्या निवासी शिबिराला. पगार नाही, वर ओरडून घशाची पार वाट. पण पोरं ‘दादा, दादा’ करत मागं लागली की गडी फुलून यायचा. शिस्तीचा तर त्याला भारी सोस. पहिल्याच दिवशी तो पोरांकडून घोकून घेई.

“वाट चुकली तर काय करायचं?”

“जिथं हाय तिथंच थांबायचं! दादा येतो!”

१९९७ साली त्याच्या गटात एकतीस पोरं होती. त्यांत नऊ वर्षांची सुष्मिता होती, वारणानगरच्या साखर कारखान्यात कामाला असलेल्या केरबाची मुलगी. अबोल, आणि सांगितलेलं तंतोतंत ऐकणारी.

रविवारी सकाळी सगळे डोंगर चढून देवाला गेले. दर्शन झालं, मग पोरांनी एकमेकांवर गुलाल उधळला. जोतिबावर गुलालाला कोण नको म्हणणार? घटकाभरात टोप्या, केस, चेहरे सगळं एका रंगाचं झालं. निघताना रुद्रेशनं रांग लावली आणि एकेका हातावर गोळी ठेवत मोजलं. बरोबर एकतीस. स्वतःवरच खूश होऊन त्यानं शिट्टी फुंकली.

खाली पंगत बसली आणि एक ताट उरलं.

मग पोरांनीच सांगितलं. कुणा भाविकाची गुलालानं माखलेली पोरगी गोळीसाठी रांगेत घुसली होती आणि गोळी घेऊन पळाली होती. रुद्रेशनं हात मोजले होते, तोंडं बघितलीच नव्हती. तो तसाच उपाशी, भर उन्हात डोंगर चढत सुटला.

गर्दीत चुकलेली सुष्मिता देवळाच्या आवारातच होती. गुलाल-खोबरं विकणारी धोंडुबाई आपली छत्री तिच्या डोक्यावर धरून उभी होती.

“पावणं, ही तुमची व्हय? कवाधरनं सावलीत चल म्हणतोय, तर हालंना पोरगी!”

पोरगी तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी होती. ओठ सुकलेले. रुद्रेशला बघून ती एवढंच म्हणाली, “दादा, मी हाललो न्हाय.”

त्यानं तिला उचललं तेव्हा तिच्या तळपायांना आलेले फोड दिसले. तो तिथंच, लोकांदेखत, ढसाढसा रडला.

शिबिरप्रमुख बाळासो माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, “पोरगी सापडली न्हवं? मग उगंच बोभाटा कशाला? दोन दिसांत पाय बरं हुत्यात.”

पण शेवटच्या दिवशी केरबा न्यायला आला, तेव्हा रुद्रेशनं सगळं सांगून टाकलं. केरबानं लेकीचा पाय हातात घेऊन बघितला. तो शिव्या देईल, गचांडी धरेल, असं रुद्रेशला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमच्या शब्दावर हुबी राहिली व्हय ती?” केरबानं एवढंच विचारलं आणि लेकीला कडेवर घेऊन तो निघून गेला. पुढच्या मे महिन्यात सुष्मिता आली नाही.

रुद्रेश मात्र येत राहिला. लग्न झालं, अडत त्याच्या अंगावर पडली, तरी मे चुकला नाही. पण डोकी मोजणं त्यानं सोडलं. यादी घेऊन एकेक नाव घ्यायचं, तोंड बघायचं, मगच पुढं. यादीच्याही आधी तो एक नाव घेई, “सुष्मिता.” कुणी ओ देत नसे. तो क्षणभर थांबे आणि मग यादी सुरू करी. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. दादाचं डोकं जरा सरकलंय, असं त्यांचं ठाम मत होतं. असं दहा वर्षं चाललं.

२००७ सालच्या शिबिराच्या पहिल्या दिवशी आईबाप पोरांना सोडून मागं भिंतीशी उभे होते. रुद्रेशनं सवयीनं हाक दिली, “सुष्मिता.”

“हाय की, दादा.”

भिंतीशी एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी उभी होती. धाकट्या भावाला सोडायला आली होती ती. भावाला रांगेत पुढं ढकलत ती म्हणाली, “ह्याला तुमच्याच गटात घाला. बाबांनी सांगितलंय.”

रुद्रेशनं मान हलवली आणि यादी डोळ्यांसमोर धरली.