मापाशिवाय शिवलेली मच्छरदाणी

आमच्या गल्लीत जाळीवाल्यांच्या दुकानात शिरलेला माणूस थोड्या वेळाने फळीवर आडवा पडलेला दिसतो. मग तो बोटीवरचा खलाशी असो, नाहीतर टाय लावलेला साहेब. समोरच माझं चित्रांच्या चौकटी करायचं दुकान असल्याने हा देखावा मला रोज फुकटात बघायला मिळतो. उष्ण, दमट देशांत कामाला निघालेली माणसं त्यांच्याकडे मच्छरदाणी शिवायला येतात. बाजारात तयार मिळते, स्वस्तही मिळते. पण जाळीवाल्यांचा हट्ट असा की माप पलंगाचं नाही, माणसाचं घ्यायचं. "पलंग काही झोपेत पाय पसरत नाही," असं ते म्हणतात. गिऱ्हाइकाने घरी झोपतो तसं झोपायचं, कूस बदलायची, हात डोक्यावर घ्यायचे, आणि हे त्याच्या चारी बाजूंनी वीतभर जागा सोडून खडूने रेघ मारणार. एकदा एक जाडजूड साहेब त्या फळीवर चक्क घोरायला लागले. गल्लीभर हसू पिकलं, जाळीवाले मात्र खडू फिरवत राहिले.

खडूबरोबर तोंडाचा पट्टाही चालू असतो. "जाळी अंगाला टेकली की संपलं. डास बाहेर बसून आत सोंड घालतो. कडा गादीखाली खोचा, लोंबत्या ठेवू नका. खोचायच्या आधी आत डास राहिलाय का बघा, नाहीतर त्याच्यासकट कोंडून घ्याल स्वतःला. दिवसा चावणारेही असतात, तेव्हा लांब बाह्या, फिके कपडे. उघड्या अंगाला मलम लावा. उन्हाचं आधी, डासांचं त्यावर." एवढ्या सूचना नवरीलाही सासरी जाताना मिळत नसतील.

हे सांगणाऱ्याने स्वतः कधी गावाची वेस ओलांडलेली नव्हती. पूर्वी ते पडदे शिवायचे. त्यांची बायको एकदा भावाकडे राहायला गेली. भाऊ दलदलीच्या मुलखात धरणाच्या कामावर होता. ती परतली ती हिवताप घेऊन. साधा ताप समजून घरगुती उपाय चालले आणि दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. लेक तेव्हा शाळेत होती. पडद्यांचं काम त्यांनी लगेच सोडलं आणि जाळी आणली. मला हा माणूस आवडतो, पण त्यांच्या सूचना ऐकताना कधी कधी जीव कासावीस होतो. त्या सगळ्या एका बाईला सांगायच्या राहून गेलेल्या आहेत.

लेक जमीनमोजणीचं शिकली आणि तिची नेमणूक झाली नेमकी एका परमुलखात, नदीच्या मुखाशी, पुलाच्या कामावर. चहूकडे पाणथळ. 'जाऊ नकोस' म्हणायची जाळीवाल्यांची हिंमत काही झाली नाही. त्यांनी मच्छरदाणी शिवायला घेतली. औषध लावलेली बारीक जाळी, दुहेरी शिवण, कोपऱ्यांना मजबूत नाड्या.

"तिला नाही का फळीवर झोपवत?" मी विचारलं.

"तिचं माप घ्यायचं? अहो, माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय ती."

दुसऱ्याच्या लेकीबद्दल जास्त बोलू नये, म्हणून मी माझ्या दुकानाकडे वळलो.

ती गेली. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा आणि जाळीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "चावले का?" ती "नाही" म्हणायची. मगच यांच्या घशाखाली घास उतरायचा. एक दिवस मी त्यांच्याकडे चहा घेत होतो तेव्हा फोन आला, त्यांनी तो स्पीकरवर घेतला. तिला ताप होता. तिथल्या डॉक्टरांनी तपासायला रक्त घेतलं होतं.

"चावले कुठे?" जाळीवाल्यांनी विचारलं.

"पायांना, बाबा. घोट्याखाली."

"फक्त पायांना?"

"हो."

फोन ठेवून ते फळीकडे वळले. मग हाताने खांद्याजवळ उंची दाखवत म्हणाले, "एवढीच तर आहे हो ती. घरातला तिचा पलंग मला पाठ आहे. त्याच बेताने कापली मी."

"तो तिच्या शाळेच्या वेळचा पलंग," मी म्हणालो. "ती तुमच्यापेक्षा उंच आहे."

मी कुठली तरी नवी बातमी सांगावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिच्याशी बोलताना आम्ही सगळे मान वर करायचो, तेही करायचे. एवढं होऊनही माणसाला दिसत नाही ते दिसत नाही.

त्यांनी रडारड केली नाही. गल्लीतली तिच्याएवढी उंच एक शिक्षिका शोधून काढली, हात जोडून तिला फळीवर झोपवलं आणि संध्याकाळच्या आत नवी मच्छरदाणी उभी केली. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून निघाले. जन्मात पहिल्यांदा परमुलखात जाताना स्वतःसाठी मलम घ्यायचं मात्र विसरले. ते मी स्टेशनवर नेऊन दिलं.

पुढचं लेकीने सुट्टीत आली तेव्हा सांगितलं. बाबा पोचले तोवर ताप उतरला होता आणि रक्तात हिवताप निघाला नव्हता. डॉक्टरांचा हा निकाल तिने दारातच सांगून टाकला. बाबा हो-हो म्हणाले आणि आधी नवी मच्छरदाणी बांधायला लागले. जुनी सोडवताना त्यांनी विचारलं, "आखूड आहे हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच रात्री."

"मग बोलली का नाहीस?"

"पाय पोटाशी घेतले की मावत होते मी. झोपेत लांब व्हायचे, त्याला काय करणार?"

"अगं, पण सांगायचं ना!"

"आईच्या वेळी तुम्ही पडदे सोडलेत, बाबा. हे कळलं असतं तर तुम्ही जाळीही सोडली असती. मग दिवसभर कुणाशी बोलला असता तुम्ही?"

हातातली नाडी तशीच लोंबत राहिली. ते पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि तिचे चावून सुजलेले पाय मांडीवर घेऊन हमसून हमसून रडले.