कुटुंब क्रमांक चार

"मोठ्यानं वाच. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे," सर म्हणाले आणि त्यांनी वर्गातल्या मालतीचा अहवाल माझ्या हातात दिला.

वर्गात सगळ्यांना 'तुम्ही'. मला 'तू'.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवडच्या शाळेत संध्याकाळी समाजसेवकांचा वर्ग भरायचा. लिहायला आणि बोलायला शिकवायचे. वस्तीत जायचं, घर पाहायचं, अहवाल लिहायचा, उभं राहून वाचायचा. पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामगारांची विचारपूस करणारा माणूस हवा होता. प्रमाणपत्र मिळालं की ती नोकरी माझी. वडील नव्हते. घरात कमावणारी एकटी आई.

आमच्या गटाला निर्वासितांची छावणी मिळाली होती. मालतीच्या गटाला रहाटणीचा महारवाडा. म्हणजे आमचाच.

मी वाचू लागलो. कुटुंब क्रमांक चार. विधवा स्त्री, मोलमजुरी. घर एका खणाचं. अंगण सारवलेलं. इथवर ठीक होतं.

"पाहुणे तासभर थांबले, तरी बाईंनी पाणीही विचारले नाही. आतिथ्याचे संस्कार या समाजात रुजलेले दिसत नाहीत."

मी कागदावरून मान वर केली.

"सुंदर वाक्य आहे," सर म्हणाले. "पुढे?"

"सर, ही माझी आई आहे."

"ठाऊक आहे. म्हणूनच तुला दिलं. समाजसेवकाला अलिप्त राहता आलं पाहिजे."

मागं कुणीतरी हसलं.

या मुली पाहणीला येणार म्हणून आईनं त्या सकाळी माठ घासून भरला होता. तांब्या राखेनं लख्ख केला होता. पण शिवेल कोण? आमच्याकडून वरच्या जातीच्या माणसाला पाणी विचारायचं नसतं. विचारलं तर आगाऊपणा. आईला जन्मापासून तेच शिकवलेलं.

मी मालतीकडं वळलो. "आईनं विचारलं असतं, तर तुम्ही पाणी घेतलं असतं?"

ती वाईट मुलगी नव्हती. तिचे डोळे भरले. पण 'हो' म्हणाली नाही.

"हा भाषणाचा तास आहे, भांडणाचा नाही," सर म्हणाले. "वाच. नाहीतर गुण नाहीत. गुण नाहीत तर प्रमाणपत्र नाही. हिशेब समजतो ना?"

समजत होता. हिशेबात मी कधी कच्चा नव्हतो.

"वाचणार नाही," म्हणालो आणि कागद टेबलावर ठेवला. सरांनी माझ्या नावापुढं शून्य मांडलं आणि पुढच्याला उभं केलं.

घरी आलो. आई चुलीपाशी होती.

"काय लिव्हलं रं पोरींनी आपल्याबद्दल?"

"चांगलं लिहिलंय."

तिचा चेहरा उजळला. "लई मोठ्या घरच्या पोरी. तहान लागली आसंल त्यास्नी, उन्हाच्या आल्याल्या. पर म्या काय पानी इचारलं न्हाई. उगं पंचाईत व्हायची पोरींची. बरं केलं का न्हाई?"

"बरं केलंस, आई."

तिनं आपल्या तहानलेल्या पाहुण्यांची अब्रू सांभाळली होती, आणि त्यांनी तिला संस्कार नाहीत म्हणून लिहिलं होतं. हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

नोकरी गेली. सरांचा वर्ग मी सोडला नाही. लिहिणं आणि बोलणं त्यांच्याकडूनच शिकून घ्यायचं ठरवलं, शेवटच्या तासापर्यंत, प्रमाणपत्राशिवाय. आमच्या घरांबद्दल यापुढं मी लिहीन. क्रमांक घालणार नाही, नावं घालीन. आणि वरच्या जातीवाल्यांच्याच सभेत उभा राहून वाचीन. खाली बसवायचं असेल, तर हाताला धरून बसवावं लागेल. शिवावं लागेल.