दारांच्या आतली माशी

सेप हिंडमार्शला आयुष्यात दोनच कामं नीट जमली, माणसं बडवणं आणि गाजरं वाढवणं. पहिलं तो बापाकडून शिकला. बाप खाणीतून घरी आला की कमरेचा पट्टा सोडायचा आणि जे पोर हाताशी येईल त्याला सोलून काढायचा. हाताशी यायचा तो बहुतेक वेळा सेप, कारण धाकट्या मॅटीला पाठीमागे ढकलून तो स्वतः पुढे उभा राहायचा. पंधराव्या वर्षी सेप खाणीत उतरला आणि सोळाव्या वर्षी त्याने बापाच्या हातातला पट्टा हिसकावून बापालाच त्याची चव दाखवली. त्यानंतर हॅगरली गावात कुणी त्याच्या वाटेला फारसं गेलं नाही.

गाजरांच्या बाबतीत मात्र हाच माणूस बाळंतिणीच्या दाईसारखा हळुवार. रुळांच्या पलीकडे खाणकामगारांच्या भाजी पिकवायच्या जमिनीच्या पट्ट्या आहेत, तिथे त्याची पिंपं उभी असायची. पिंपात वाळू भरायची, तिच्यात पहारेने खोल भोकं पाडायची, भोकांत चाळलेली माती घालून बी टाकायचं. मग गाजर सरळ खाली उतरतं, कमरेइतकं लांब, शेवटी उंदराच्या शेपटीएवढं बारीक. सप्टेंबरात कामगारांच्या क्लबाच्या प्रदर्शनात त्याची तीन गाजरं टेबलावर आली की बाकीचे आपली गाजरं मुकाट्याने पिशवीत परत घालायचे. ही लांबीची हाव बाहेरच्याला कळायची नाही, आणि त्याला समजावत बसायची माझी इच्छाही नाही.

या गाजराचा वैरी म्हणजे गाजरमाशी. दिसायला चिलटापेक्षा थोडी मोठी. पाला जरा चुरगळला तरी वासावर येते, मुळाशी अंडी घालते आणि तिच्या अळ्या गाजर पोखरून आत गंजाच्या रंगाचे बोगदे करतात. पण ती जमिनीलगत उडते, कमरेच्या वर सहसा जात नाही. म्हणून सेपने पाडलेल्या चाळींची जुनी दारं आणली, एकाला एक खिळली, पिंपांभोवती भिंत केली आणि वरून जाळी ताणली. दारांच्या फटी डांबराने बुजवल्या. आत माशी जाऊन दाखवेल तर सेप हिंडमार्श नाव लावणार नाही, असं तो क्लबात सांगायचा.

वाळू दर हिवाळ्यात नवी लागायची. ती नदीवरून आणायचे दोघे भाऊ, मॅटीच्या खटारा व्हॅनमधून, अख्खी वाट एकमेकांना शिव्या घालत. मॅटीची पट्टी सेपच्या पट्टीला लागूनच होती आणि मॅटीवर सेपचा जीव होता. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

मग संप आला. वर्षभर चालला. लोकांनी लग्नाच्या अंगठ्या विकल्या, पोरांनी कोळशाच्या ढिगाऱ्यावर तुकडे वेचताना बोटं सोलून घेतली. आणि संप मोडायला तीन आठवडे उरले असताना मॅटी संप फोडणाऱ्यांच्या, खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या बसमध्ये बसून खाणीत कामावर गेला. का गेला, ते कुणी विचारलं नाही. बसपुढे सेपच उभा होता. आतला चेहरा ओळखायला त्याला क्षणभर लागला, मग त्याने हातातली वीट नेमकी त्याच खिडकीवर मारली.

त्या दिवसापासून गावाने मॅटीशी बोलणं टाकलं. हे टाकणं आमच्याकडे जन्माचं असतं. त्यात सेप सगळ्यांच्या पुढे. त्याने सख्ख्या भावाच्या घराच्या काचा फोडल्या. एका म्हाताऱ्याने सवयीने मॅटीला पाऊस थांबला का म्हणून विचारलं, तर सेपने त्या म्हाताऱ्याच्या मुलाचे दोन दात पाडले. म्हाताऱ्यावर हात उचलणं बरं दिसत नाही, म्हणाला.

संपानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, जुलैत, सेपच्या गाजरांचा पाला लालसर पडायला लागला. त्याने एक गाजर उपटलं. अर्ध्यातच तुटलं, आत बोगदेच बोगदे. दुसरं उपटलं, तेही तसंच. जाळी तपासली, धड होती. दारं तपासली, धड होती.

पलीकडच्या पट्टीवरचा जॉबलिंग कुंपणाला टेकून पाइप भरत होता. हा माणूस आग लावून हात शेकणाऱ्यांतला.

"बोलू नये म्हणतो," जॉबलिंग म्हणाला, "पण मे महिन्यात तुझ्या दारांपाशी कुणीतरी घुटमळत होतं."

"कोण?"

"नाव घेतलं तर जीभ विटाळेल माझी. तुझ्याच आईचं दूध प्यालेला."

सेपने फावड्याचा दांडा उचलला. मॅटी आपल्या पट्टीवर वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता. सेप कुंपण ओलांडून नाही गेला, तोडून गेला. मॅटी वळला, त्याने हात वर केले नाहीत. दीड वर्षात पहिल्यांदा तो भावाशी बोलला.

"सेप, ती वाळू..."

दांडा तोंडावर बसला. जबडा मोडल्याचा आवाज जॉबलिंगपर्यंत गेला. दुसरा घाव अडवायला मॅटीने उजवा हात पुढे केला, तो कोपराखाली मोडला. मग तो वाटाण्यांत पडला आणि सेप त्याला बुटांनी तुडवत राहिला, बरगड्यांवर, पाठीवर, वेल आणि माणूस एकच करून. तोंडातून तो एकच शब्द काढत होता, फितूर, फितूर. थांबला तो दम संपला म्हणून. जॉबलिंगचा पाइप केव्हाच विझला होता.

"अरे पुरे आता," तो लांबूनच म्हणाला. "मरेल तो."

इस्पितळात मॅटीने खुणेने सांगितलं की खोपटाच्या छपरावरून पडलो. पोलीस पट्ट्यांवर फिरून गेले, पण कुणी काही पाहिलं नव्हतं. क्लबात सेपला फुकट बिअर मिळाली आणि ती त्याला गोड लागली, हेही सांगायलाच हवं.

आठवड्याने तो पिंपं रिकामी करायला गेला. राग अजून उतरला नव्हता, म्हणून लाथ मारूनच पिंप आडवं केलं. वाळू पसरली आणि तिच्यातून गाजराचं एक काळं, वाळकं टोक बाहेर आलं. ते या वर्षीचं नव्हतं. टोकाला गंजाचे बोगदे होते आणि आजूबाजूला तांदळाएवढी तपकिरी टरफलं, माशीच्या कोशांची, फोडून बाहेर गेलेली. दुसऱ्या पिंपात तेच. तिसऱ्यात तेच.

सेप वाळूत गुडघ्यांवर बसला. गेल्या सप्टेंबरात प्रदर्शन झाल्यावर त्याने जाळी काढली होती, उरलीसुरली गाजरं तशीच ठेवून. त्यांत माशी शिरली. हिवाळ्यात नव्या वाळूला व्हॅन नव्हती, कारण भाऊ नव्हता, म्हणून त्याने तीच वाळू पुन्हा भरली. माशी बाहेरून आलीच नव्हती. त्यानेच तिला आत कोंडून वर जाळी ताणली होती. मॅटीचं अर्धं राहिलेलं वाक्य त्याला आता पुरतं कळलं.

मॅटीच्या घरी दार थोराने उघडलं, मॅटीच्या बायकोने. हातात चोचीचा पेला होता, रश्श्याचा.

"आता काय राहिलंय मोडायचं?" ती म्हणाली.

"मॅटीशी बोलायचंय."

"बोल की. तो काही उलटून बोलायचा नाही. तोंड तारांनी शिवलंय त्याचं."

मॅटी शेगडीजवळ खुर्चीत होता, हात प्लास्टरात, चेहरा सुजून जांभळा. सेप दारातच उभा राहिला.

"माशी माझ्याच वाळूत होती," तो म्हणाला.

"मार्चपासून माहितीय आम्हाला," थोरा म्हणाली. "तू जुनी वाळू भरताना यानं पाहिलं. मला म्हणाला, तू सांग, माझं तो ऐकणार नाही. मी दुकानात आले तुझ्याजवळ. आठवतंय? माझ्या बुटावर थुंकलास तू. मग मे महिन्यात हा स्वतः तुझ्या दारांशी जाऊन उभा राहिला. धीर होईना म्हणून परत आला."

सेपला दुकान आठवलं. बूटही आठवला.

मॅटीने डाव्या हाताने खूण केली, जवळ ये. सेप गेला. आणखी जवळ, अशी खूण झाली. तो वाकला. मॅटीने त्याच डाव्या हाताची मूठ वळली आणि होतं नव्हतं ते बळ एकवटून सेपच्या नाकावर हाणली. रक्त आलं. सेपच्या दोन्ही मुठी सवयीने वर आल्या. त्याने त्या खाली घेतल्या, पाठीमागे एकमेकींत धरल्या आणि चेहरा पुन्हा पुढे केला.

मॅटीने दुसरी हाणली. मग तिसरी. तारांमागून त्याच्या घशातून हुंदक्यासारखं काहीतरी येत होतं आणि सेप वाकलेलाच होता.

"जबड्याच्या तारा तुटतील त्याच्या," थोरा म्हणाली, पण तिने मॅटीचा हात धरला नाही.