एसी आणि आत्यांचं भजनी मंडळ

हसणार नसाल तरच सांगते. हसालच, माहीत आहे मला. हातातला चहा तेवढा खाली ठेवा.

मी कळंब्यात राहते आणि शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. हे आत्ताच सांगून टाकते, पुढं सांगायला लाज वाटेल.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही हॉलमध्ये एसी बसवला. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, विरोधात. "पंखा काय मेलाय व्हय?" मग मी त्यांना समोर बसवून पाठच दिला. एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता बाहेर नेतो. भिंतीवरच्या पेटीतल्या गार नळ्या उष्णता शोषतात, तो इव्हॅपोरेटर. नळ्यांतला रेफ्रिजरंट वायू ती घेऊन बाहेरच्या पेटीत जातो. तिथं कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि कंडेन्सर सगळी उष्णता बाहेर फेकतो.

"म्हंजे घरातला केर दाराभाईर टाकायचा. एवढंच न्हवं?"

एवढंच. मला सांगायला अर्धा तास लागला होता.

आत्या विरघळल्या. इतक्या, की शनिवारी दुपारी भजनी मंडळाच्या बारा बायकांना "गारव्याला या" म्हणून आवतण देऊन बसल्या. आता इभ्रत माझी होती.

शनिवारी सकाळपासूनच एसी लावून ठेवला. घरभरच्या जाड चादरी धुतल्या होत्या, त्या वाळत घालायला गॅलरीत गेले तर बाहेरची पेटी मस्त गरम वारा सोडत होती. एवढी उष्णता फुकट का घालवायची? पेटीसमोर दोरी बांधली आणि चार चादरी अगदी खेटून टाकल्या.

"अगं, त्येच्या तोंडावर कशाला टाकतीस?"

"आत्या, विज्ञान आहे हे."

त्या बिचाऱ्या टाळ पुसायला आत गेल्या.

दुपारी बायका आल्या. पहिल्या अभंगाला बरं वाटलं. दुसऱ्याला पदरानं वारा घेणं सुरू झालं. मी रिमोटवर चोवीसचे अठरा केले, अठराचे सोळा. तिसऱ्याला टाळ थांबले आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पंखा लावा की गं." पंखा कुठला? आता कशाला लागतोय म्हणून मीच काढून माळ्यावर टाकला होता.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं मेकॅनिकला फोन लावला. "गॅस लीक झालाय. कॉम्प्रेसरपण गेला असणार."

"मॅडम, एवढं कळतंय तर मला कशाला बोलिवताय?"

तरी आला. भिंतीवरच्या पेटीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. सरळ गॅलरीत गेला आणि चारही चादरी खांद्यावर टाकून परत आला.

"गरम हवा जाणार कुठनं? फिरून तीच आत घुसतीया. पेटी तापली, कॉम्प्रेसर बंद पडला. जरा निवू द्या, चालू हुईल."

"म्हंजे केर टाकायच्या दारातच चादरी," आत्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं खोली गार झाली. टाळ पुन्हा हातात आले. मेकॅनिक पिशवी आवरत म्हणाला, "मॅडम, शाळेत शिकीवता न्हवं तुम्ही? कुठला विषय?"

"भूगोल," मी म्हटलं.

आत्या त्याच्यासाठी चहा घेऊन येत होत्या. अख्ख्या मंडळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भूगोल कसला? विज्ञान शिकीवती ती. लई हुशार हाय आमची सून."

लग्नाला अकरा वर्षं झाली. आत्यांनी चारचौघांत माझं कौतुक केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.