दुबईतली दिवेलागण

बाबांचा विमानावर विश्वास नव्हता. ते पडेल म्हणून नव्हे, इतक्या लवकर पोचतं म्हणून.

माझा मोठा भाऊ दुबईला नोकरीला निघाला तो ऐन आंब्याच्या हंगामात. रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून एजंट विमानात बसवणार. बाबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आईने त्याच्या हातावर दही घातलं. दोन दिवसांत फोन आला. पोचलो, सुखरूप आहे, मुंबईहून फक्त तीन तास लागले.

बाबांनी फोन ठेवला. "हितनं मुंबईला अख्खी रात्र जाते गो. नि सगळा समुद्र ओलांडायला तीन तास? कोणाला शेंड्या लावतोय हा?"

मी तेव्हा कॉलेजात, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. नकाशाचं पुस्तक काढलं, पट्टीने अंतर मोजलं, विमानाच्या वेगाने भागलं. "बघा. तीनच तास."

"तुझी पट्टी खरी गो. पण तो विमानात बसलाय, हे तिला काय ठाऊक?"

पूर्णगडच्या एकाला एजंटाने मुंबईतच टांगून ठेवला होता. तो बिचारा लाजेपायी तिथूनच घरी फोन करायचा, मस्कतला मजेत आहे म्हणून. ते ऐकल्यापासून बाबांना दादाच्या प्रत्येक फोनात काहीतरी डाचायचं. आवाज इतका स्वच्छ कसा? मागे कावळा ओरडला ना? मला भारी संताप यायचा. पोटच्या पोरावर एवढा अविश्वास! आई आमच्या भांडणात पडायची नाही. ती फोनवर एकच विचारायची, "जेवलास काय रे?"

एका संध्याकाळी टीव्हीवर शारजाचा सामना चालू होता, थेट. आई तुळशीपाशी दिवा लावून आत आली आणि दादाचा फोन वाजला. मी घेतला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "ठेवतो गो. दिवेलागण झाली, काळोख पडलाय. खोलीवर जायला हवं."

बरं म्हणून मी पुन्हा टीव्हीसमोर बसले. पडद्यावर लख्ख ऊन होतं. खेळाडूंच्या सावल्या मैदानभर पसरलेल्या. शारजा म्हणजे दुबईच्या कुशीतलं गाव, नकाशात मीच पाहिलेलं. आमच्या खिडकीबाहेर मात्र काळोख. म्हणजे दादाचा काळोख आमच्याकडचा होता.

बाबांना सांगायचं नाही असं ठरवलं, पण माझं तोंड मेलं काही लपवू देईल तर ना! "काय झालं? बोल," बाबा म्हणाले, आणि मी सगळं सांगून टाकलं.

वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी उठून टीव्ही बंद केला. "तुझी पट्टीच खरी ठरायला हवी होती गो," म्हणाले, आणि ओटीवर जाऊन बसले. इतके दिवस संशय घेणारा माणूस, पण त्याला मनातून खोटं ठरायचं होतं. मला रडू आवरेना.

पुढचा फोन आला तेव्हा बाबांनी मला हातानेच थांबवलं आणि स्वतः उचलला.

"जेवलास काय रे?" त्यांनी आईचाच प्रश्न विचारला. मग म्हणाले, "हे बघ, ते विमानाचं राहू दे. आज रात्रीच्या गाडीत बस. आंबा काढायला माणूस मिळत नाहीय."

बाबांनी फोन माझ्या कानाला लावला. दादा हुंदके देत होता.

सकाळी तो पायरीशी आला तेव्हा त्याला मान वर करवेना. परगावाहून माणूस आलं की करतात तसं आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

"फार लांबून आलास रे बाबा," ती म्हणाली. "चल, आधी जेव."