परत आणलेला गाळ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. भाचा ठाण्याच्या हॉस्पिटलमधून बोलत होता. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. त्याला आता महिना होत आला. मी अजून रोज कारखान्यात येतो, पण तिच्या टेबलाच्या बाजूने जायचं टाळतो...

शालिनीताई माझी थोरली बहीण. डोंबिवलीत शाळेत विज्ञान शिकवायची. भाऊजींनी मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवायचा छोटा कारखाना टाकला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते अचानक गेले, तेव्हा सगळ्यांनी तिला तो विकून टाकायला सांगितलं. तिने शाळा सोडली, मला विक्री सांभाळायला बोलावलं आणि थोड्याच वर्षांत धंदा भाऊजींच्या काळाहून मोठा केला. आमचं पाणी मागच्या नाल्यात जायचं, कधी लाल, कधी निळं. सगळ्यांचंच जायचं. नाला पुढे खाडीला मिळतो, याचा विचार कुणी करत नसे.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातली जनाबाई ताईच्या दारावर मासळी आणायची. एके सकाळी ती थेट कारखान्याच्या गेटवर आली. पाटी उतरवली आणि ताईला म्हणाली, "बाय, यो म्हावरा घरी ने. रांध नं खा. मंग मना सांग, यो कोनाला इकू?" ताईने तो खरंच नेला. दुपारी मी तिच्याकडेच जेवायला होतो. पहिल्या घासालाच रॉकेलसारखा वास आला. मी ताट सारलं. ताईने मात्र आख्खा तुकडा चावून गिळला, आणि मग मोरीत जाऊन ओकली. तोंड पुसत बाहेर आली. "विनू, हे ती रोज पोरांना घालते रे."

दुसऱ्याच दिवशी तिने उत्पादन थांबवलं. पाणी साफ करायच्या टाक्या होईपर्यंत नाल्यात थेंब सोडायचा नाही म्हणाली. मी हादरलो, हातातल्या ऑर्डरी जाणार होत्या. कामगार गेटपाशी घोळका करून उभे. आमचे फोरमन पाटील म्हणाले, "बाई, घरी काय सांगू? कारखाना बंद पडला म्हणून?" ताई म्हणाली, "टाक्या बांधतोय म्हणून सांगा. तुम्ही सगळ्यांनीच बांधायच्यात. पगार चालू राहील." आजूबाजूच्या कारखानदारांच्या बैठकीत एकजण हसला. "मॅडम, तुमच्या एकटीच्या पाण्याने खाडी साफ होणार आहे का?" "नाही होणार," ताई म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला सांगायला आले." चहा आला, विषय विजेच्या दरांवर गेला.

टाक्या झाल्या, काम सुरू झालं, पण त्या खर्चाने आमचा रंग महागला. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुटलं. बाहेर ताई ताठ असायची, पण ऑफिसचं दार लावलं की मला विचारायची, "आपण बुडणार नाही ना रे?" मी "नाही" म्हणायचो, आणि रात्री घरी हिशेब पुन्हा मांडून बघायचो. बुडालो नाही आम्ही, पण लहान झालो.

टाक्यांतून पाणी स्वच्छ निघू लागलं. तळाशी मात्र गाळ साठायचा, आणि सगळं विष त्यातच. एक ठेकेदार तो घेऊन जायचा, नेमून दिलेल्या जागी टाकतो म्हणायचा. एक दिवस ताईला शंका आली. टेम्पो निघाला तशी ती माझ्या स्कूटरवर बसली. "त्याच्या मागे घे." टेम्पो दिवा गावाकडे वळला. चाळींच्या मागे खाजणात, खाडीच्या दलदलीत, ड्रायव्हरने टेम्पोचा मागचा फळका उघडला आणि गाळ ओतायला सुरुवात केली. थोड्या अंतरावर बायका एका खड्ड्यातून हंडे भरत होत्या. ताई धावत जाऊन टेम्पोच्या मागे उभी राहिली. ड्रायव्हर वैतागला. "मॅडम, सगळ्यांचाच माल इथे येतो. मी नेऊ कुठे?" ताई म्हणाली, "जिथून आणलास तिथे." खाली पडलेला गाळही तिने फावड्याने परत भरायला लावला. येताना तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. "आधीच्या खेपा रे, विनू... त्या कुठे असतील?" पुढे कितीतरी रविवार आम्ही दोघं त्या खाजणात फिरलो. काही कळलं नाही.

तेव्हापासून गाळ आमच्याच आवारात राहिला, पिंपांत भरून, पक्क्या फरशीच्या शेडमध्ये. तो नीट पुरायची सोय जवळपास कुठेच नव्हती. आता नव्वदचं दशक संपत आलं, तरी नाही. शेड भरली, मग गोदामाचा अर्धा भाग गेला.

गेल्या आठवड्यात भाचा जागा दाखवायला एका गृहस्थांना घेऊन आला. त्याला कारखाना चालवायचा नाही, त्यात त्याचं काही चुकत नाही. गृहस्थांनी शेड उघडायला लावली. "एवढंच ना? टेम्पो लावतो, साफ होऊन जाईल." भाचा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "टेम्पो कुठे जातो ते मी आधी बघून येईन." गृहस्थांचा चेहरा बदलला. कळवतो म्हणून गेले. भाचाही त्यांच्याबरोबर गेला.

मी तिथेच थांबलो. ताई रोज इथे यायची आणि वाकून एकेका पिंपाच्या बुडाला हात लावून ते गळत नाही ना, हे बघायची. तसाच मीही वाकलो. एकामागून एक पिंप कोरडं लागत होतं. कोपऱ्यातल्या पिंपाखाली मात्र बोटांना ओल लागली... मी पाटलांना हाक मारली आणि नवं पिंप आणायला सांगितलं.